अडीच सेकंदांची पीं

२ फेब्रुवारी

ती. मामास,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आई म्हणते, "माझा भाऊ निवृत्त झाल्यापासून ऋषी झालाय, त्याला पत्रच लिही." तेव्हा ऋषिमहाराजांना भाचीचा दंडवत.

रेडिओत लागून मला तीन महिने झाले. अजून दोन काढले की कायम करू, असं साहेब म्हणतात. माझं काम काय, तर लोकांची तोंडं धुणं. सकाळी नऊला कानाला हेडफोन लावायचा, आलेली नवी गाणी ऐकायची, शिवी कुठल्या मिनिटाला, कुठल्या सेकंदाला आहे ते कागदावर टिपायचं आणि तेवढी जागा गप्प करायची. काही गाणी अशी असतात की शिव्या काढल्या तर मागे नुसता ढोल उरतो. परवा एका गायकाने स्वतःहून "सोज्वळ आवृत्ती" पाठवली. त्यात सहाच शिव्या होत्या. ऑफिसात मला सगळे गाळणी म्हणतात. तुला तुझ्या रेडिओ स्टेशनात कात्री म्हणायचे ना? म्हणजे घराण्याचं नाव राखतेय.

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीला साहेबांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद डकवलाय : "शंका आली की पीं." पीं म्हणजे शब्दावर घालतात तो आवाज. मी नवखी, मला दिवसातून चाळीसदा शंका येते.

पण आता खरी बातमी. "कामाची माणसं" हा कार्यक्रम साहेबांनी माझ्याकडे दिलाय. दर गुरुवारी सकाळी अकराला, अर्धा तास, निवृत्त झालेलं एक माणूस आपल्या कामाबद्दल बोलतं. या गुरुवारी एक आयाबाई आहेत. बाळंतपणाच्या वॉर्डात पस्तीस वर्षं काढली, वय बाहत्तर, आवाज असा की माइक दोन हात लांब ठेवावा लागला. एका ठिकाणी बाई जरा घसरल्यात, पण मी सावरून घेतलंय. तुमच्याकडे आमचं स्टेशन लागतं. मामीला घेऊन ऐक आणि खरं खरं कळव. तुझ्या कानाला पसंत पडलं तर मी पास.

तुझी,
गाळणी


७ फेब्रुवारी

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

ऋषी म्हणालीस, दाढी तेवढी राहिली. फोनचं म्हणशील तर त्या यंत्रावर निम्मा वेळ "हॅलो, ऐकू येतंय का" यातच जातो. पत्रात माणूस एकदा बोलतो आणि गप्प बसतो. मला ते बरं वाटतं.

गुरुवारी अकराला आम्ही दोघं रेडिओपुढे बसलो. आयाबाई झकास. कळा देणाऱ्या बायका नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि या बाई वर म्हणायच्या, "दे गं, पोटभर शिव्या दे, नवरा बाहेर बसलाय, त्याला काय होतंय," हे ऐकून तुझी मामी तोंडाला पदर लावून हसत होती. शिकाऊ डॉक्टर हात न धुता टेबलाशी आला आणि बाईंनी त्याला परत पाठवला, तेही फार आवडलं.

आणि तुझं काम. शाबास. बाई घसरल्या म्हणालीस, पण कुठे ते मला सापडलं नाही. तीस वर्षं ज्याने हेच केलं त्याला सांधा कळू नये, याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

आमच्या वेळी ही तुमची पीं नव्हती. टेप ब्लेडने तिरकी कापायची, शब्द काढायचा आणि दोन टोकं चिकटवायची. नुसती चिकटवली तर बोलणं अडखळतं, म्हणून मध्ये श्वास घालायचा. आणि तो त्याच माणसाचा हवा. दुसऱ्याचा श्वास घातला तर ऐकणाऱ्याला कळत नाही काय चुकलंय, पण चुकलंय हे कळतं. माझ्याकडे चपट्या डब्यात श्वास असायचे, वर नावं लिहिलेली. पीं म्हणजे दाराला पडदा लावून वर पाटी लावायची, कृपया आत बघू नये. त्यापासून तू लांब राहिलीस, हे बरं केलंस.

मामीचे आशीर्वाद. आईला सांग, तिचा भाऊ बरा आहे.

मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

टोमणा मारायचा तर सरळ मारायचा होतास. "सांधा कळला नाही", "पींपासून लांब राहिलीस", हे वाचून मी जेवले नाही. अडीच सेकंदांची पीं आहे त्यात. आमच्या इमारतीखाली टायरचं दुकान आहे, तिथल्या माणसालासुद्धा ती ऐकू गेली.

पण तुझ्यावर रागवायला मला सध्या वेळ नाही. फार वाईट झालंय.

आयाबाईंनी त्या शिकाऊ डॉक्टरला जे म्हटलं ते असं : "मेल्या, मुडदा बशिवला तुझा, हात धू आधी." बास. एवढंच. "मेल्या" मी राहू दिलं. पुढच्या शब्दांशी आले आणि थबकले. बाळं जन्माला येण्याच्या कार्यक्रमात मुडदा कसा चालेल? घरी आपल्याकडे असं कोणी बोलत नाही, मला त्याचं वजनच कळलं नाही. मान वर केली तर साहेबांचा कागद. घातली पीं. बाई ते शब्द सावकाश चावून बोलल्या होत्या, म्हणून ती अडीच सेकंद चालली.

आता लोकांनी काय ऐकलं? "मेल्या, पींssss, हात धू आधी." प्रत्येकाने आपापल्या मनातली सगळ्यांत घाण शिवी त्यात भरली. बाईंच्या इमारतीखाली एक बाक आहे, तिथे रोज पाच वाजता सहासात बायका बसतात. बाई तिथे गेल्या की बोलणं थांबतं. एकीने शेवटी विचारलं, "असं काय हो बोललात? आम्हाला तरी सांगा." बाईंनी खरं सांगितलं. ती म्हणाली, "तेवढ्यासाठी कोणी एवढी मोठी पीं करतं होय?" कोणाचाच विश्वास नाही. मुलाने सांगितलं, आई, काही दिवस खाली उतरू नकोस.

आणि सगळ्यांत वाईट हे. त्यांच्या इस्पितळात नवा बाळंतपणाचा विभाग होतोय. २८ मार्चला त्याची फीत आयाबाईंच्या हातून कापायची ठरली होती. तसं पत्र होतं त्यांच्याकडे, त्यांनी मला दाखवलंही होतं. कार्यक्रमानंतर चार दिवसांनी दुसरं पत्र आलं, "अपरिहार्य कारणास्तव" वगैरे. हे सगळं मला त्यांच्या सुनेने फोनवर सांगितलं. बाई फोनवर आल्या नाहीत.

पस्तीस वर्षं तिथे राबलेल्या बाईचं नाव मी एका बोटाने घालवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेब कार्यक्रम पुन्हा लावू देतील. पण कसा लावू? तुझ्या पद्धतीने शब्द काढून श्वास घालू, की आहे तसा ठेवू? सगळं रेकॉर्डिंग कॅसेटवर उतरवून सोबत पाठवतेय. तुझा तो जुना टेपरेकॉर्डर चालू आहे, असं आई म्हणाली. तू ऐक आणि तूच ठरव. माझा माझ्या कानावरचा विश्वास उडालाय.

भाची


२३ फेब्रुवारी

चि. भाचीस,

कॅसेट पोचली. टोमणा नव्हता, एवढं माझ्यावर विश्वास ठेवून मान. म्हाताऱ्याच्या हातून चुकून लिहिलं गेलं असेल.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते अब्रूच्या बाबतीत. शब्दाची मूठ झाकली की लोक तिची किंमत आपल्या मनाने लावतात आणि लोकांची मनं काय असतात ते तुला या महिन्यात कळलं असेल.

माझ्या श्वासाच्या पद्धतीचं विचारलंस म्हणून एक सांगतो. पूर्वी कोणाला सांगितलेलं नाही. एक ढोलकीवाला गायक यायचा आमच्याकडे. त्याचं एक गाणं होतं, त्यात बायको दारुड्या नवऱ्याला दारातच अडवते आणि एक कचकचीत शिवी हासडते. गाणं चांगलं, पण समितीने शिवीवर लाल रेघ मारली. मी ती काढली आणि दुसऱ्या कडव्यातली ढोलकीची एक थाप उचलून तिथे बसवली. असं बसलं की माझं मलाच कौतुक वाटलं. गायकाला ऐकवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "छान झालंय हो. फक्त माझ्या गाण्यातली बायको आता नवऱ्यावर रागवत नाही." नमस्कार करून गेला, परत आला नाही. दरवर्षी त्याला बोलावण्याचं पत्र मीच टाइप करायला लावायचो.

तेव्हा श्वास काय आणि पीं काय, दोन्ही आपल्याच सोयीसाठी. तीस वर्षांत मी हजारो शब्द कापले, पण ज्याचा शब्द त्याला आधी एकदाही विचारलं नाही, बाबा रे, याचं काय करू?

तू आयाबाईंना विचार. मी काय सांगणार?

मामा


४ मार्च

मामा,

ताकाला जाऊन भांडं का लपवतोस? तू कॅसेट ऐकलीच नाहीस. ऐकली असतीस तर बाईंच्या आवाजाबद्दल एक तरी वाक्य लिहिलं असतंस. तुला मी ओळखते. माझ्या लहानपणी पाहुण्यांच्या खोकल्याची पट्टी सांगायचास. तुला माझ्या भानगडीत पडायचं नसेल तर तसं लिही, मी लहान नाही. "आयाबाईंना विचार" म्हणणं म्हणजे हात झटकणं, असं वाटून मी दोन दिवस फणफणत होते. तिसऱ्या दिवशी दुसरं काहीच सुचेना म्हणून गेले.

दुसरा मजला, दोन खोल्या. खिडकीजवळ खुर्ची आणि खिडकीतून खालचा तो बाक सरळ दिसतो. बाई खुर्चीत नव्हत्या, खुर्चीला पाठ करून जमिनीवर बसल्या होत्या, सुनेचे ब्लाऊज उसवत. मला बघून उठल्या नाहीत.

मी म्हटलं, "चूक माझी आहे."

त्या म्हणाल्या, "तुझीच आहे. चहा घेणार?"

चहा झाल्यावर मी विचारलं, "त्या शब्दांचं काय करू? काढू, की ठेवू?"

त्यांनी सुई खाली ठेवली. "मला वाटलं होतं, तुम्हा लोकांना विचारायची पद्धतच नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अगं, माझ्या सासूने मला, मी माझ्या पोरांना, जन्मभर मुडदा बशिवला म्हटलं. एकाला शिंक आली नाही त्याने. त्या डॉक्टर पोराला मी 'कृपया हात धुवा' म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं? बाई टेबलावर होती, वेळ कुठे होता?"

"मग पुन्हा लावू, जसंच्या तसं?"

"मशीनवरचं नको आता. लोक म्हणतील, नवं रेकॉर्ड करून चिकटवलं. मी येते तिथे. माझ्या तोंडाने, तिथल्या तिथे बोलते. बघू कोण काय म्हणतं ते."

म्हणजे थेट प्रक्षेपण. साहेबांकडे गेले. ते आधी कानावर हात ठेवून बसले, मग म्हणाले, "थेट करा. बाईंनी येऊन दिलगिरी व्यक्त करावी, विषय संपला."

"दिलगिरी कशाची? चूक आपली आहे."

"ते शब्द बाहेर जायचे नाहीत. गेले आणि एक जरी तक्रार आली, तर कायम होण्याचं विसरा. तुम्हाला बटण कशासाठी दिलंय?"

आमच्याकडे थेट बोललेलं सात सेकंद थांबून बाहेर जातं. माझ्यापुढे एक लाल बटण असतं. ते दाबलं की ते सात सेकंद कोणालाच ऐकू जात नाहीत. १९ तारखेचा गुरुवार ठरलाय. आयाबाई ते बोलणार, साहेब माझ्यामागे उभे राहणार आणि बोट माझं असणार. बाईंना मी दिलगिरीचं सांगितलेलं नाही. सांगायची लाज वाटते.

तू नाही सांगितलंस तरी चालेल. पण तू असतास तर बोट कुठे ठेवलं असतंस?

भाची


९ मार्च

माझ्या लाडक्या पोरीस,

मी मामी. मला पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल द्यावी घ्यावी. हे पत्र मी टपालात स्वतः टाकायला निघालेय, त्यांना भाजी आणायला जाते सांगून.

तुझं पत्र त्यांनी तीनदा वाचलं आणि तेव्हापासून अंगणात नुसते बसून आहेत. पोरी, त्यांनी तुझी कॅसेट ऐकली नाही कारण त्यांना ऐकू येत नाही. सात महिने झाले. आधी एक कान गेला, मग दुसरा निम्माशिम्मा. आता मोटारीचा हॉर्न अगदी मागे वाजला तर वळतात. माझा आवाज नाही ऐकू येत. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावा. हे म्हणाले, जन्मभर माझ्या कानावर घर चाललं, आता त्यात खुंटी ठोकून घेऊ? आणि मला शपथ घातली, ताईला आणि पोरीला कळता कामा नये.

आमचं चालतं असं. मी समोर बसते आणि सावकाश बोलते, ते ओठांवरून ओळखतात. नाहीच कळलं तर पाटीवर लिहिते. तुझे कार्यक्रम सगळे मी ऐकते आणि ऐकता ऐकता त्यांना सांगते. त्यामुळे त्यांच्यापर्यंत जे पोचतं ते माझ्या चाळणीतून. त्या दिवशी ती पीं वाजली ना, मला वाटलं आपला रेडिओच बिघडला, म्हणून उठून त्याच्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या. तेवढ्यात ती थांबली. मग मी त्यांना सांगितलं, बाईंनी डॉक्टरला परत पाठवलं. त्यांनी तेच तुला लिहिलं. त्यात टोमणा कुठला गं?

"आयाबाईंना विचार" हे त्यांनी हात झटकायला लिहिलं नाही. दुसरं लिहिणार काय? कॅसेट टेपरेकॉर्डरला लावून, कान टेकवून बसले होते तासभर. मी दारातून बघितलं आणि परत फिरले.

तू रागावू नकोस आणि कळलंय असं दाखवूही नकोस.

तुझी मामी


१३ मार्च

मामी,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि जिन्यात जाऊन रडले. मी त्याला काय काय लिहिलं गं. भांडं लपवतोस म्हणाले. तो तरी असा कसा, हे माझ्यापासून लपवावं?

त्याला वेगळं पत्र टाकलंय, त्यात नुसतं लिहिलंय की तुझा सल्ला बरोबर होता, मी बाईंना विचारलं. ते खरंच आहे. त्याला ऐकू आलं असतं तर त्याने मला कुठे कापायचं ते अचूक सांगितलं असतं आणि मी बाईंच्या घरी कधी गेलेच नसते.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. १९ तारखेला आयाबाई जे बोलतील ते त्याला शब्दन्शब्द सांग. एकही गाळू नकोस. गाळणी मी आहे आणि गाळणी त्या दिवशी सुट्टीवर आहे. मुडदा बशिवलाही सांग. तुला नवऱ्यापुढे असलं बोलायची सवय नाही, मला माहीत आहे. पण या वेळी त्याला पुरतं ऐकायला मिळायला हवं.

तुझी,
पोरगी


२० मार्च

मामा आणि मामी, दोघांना,

काल झालं.

आयाबाई साडेदहालाच आल्या. इस्तरीची साडी, केस चप्प, सून बरोबर. काचेपलीकडे त्यांना माइकपुढे बसवलं आणि तेव्हा माझी लाज मोडून मी सांगितलं, "बाई, साहेबांची इच्छा आहे, तुम्ही दिलगिरी व्यक्त करावी." त्या म्हणाल्या, "कोणाची?" मी म्हटलं, "तेच मला कळत नाही." त्या म्हणाल्या, "मग बस जा तुझ्या जागेवर."

पहिली दहा मिनिटं वॉर्डाच्या गोष्टी झाल्या. साहेब माझ्या खुर्चीमागे, पाठीवर हात बांधून. मग बाई म्हणाल्या, "आता ते पींचं सांगते. माझं म्हणणं ऐका आणि मग ठरवा. त्या दिवशी टेबलावर बाई होती, डोकं दिसत होतं बाळाचं. पोरगा डॉक्टर दुसऱ्या बाईकडून धावत आला, हात तसेच. मी म्हटलं, मेल्या, मुडदा बशिवला तुझा, हात धू आधी. तो धुवायला गेला. बाळ आलं. मुलगी होती. या पोरीने त्यावर पीं घातली, तिला वाटलं मुडदा वाईट. मला वाटलं, न धुतलेला हात वाईट. झालं."

मध्ये "हात धू आधी" म्हणून बाई घोटभर पाणी प्यायला थांबल्या होत्या, तिथून सात सेकंद. घड्याळ माझ्यासमोर होतं. मामा, तू विचारलं नाहीस तरी सांगते, मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. तिसऱ्या सेकंदाला साहेबांच्या लक्षात आलं. चौथ्याला त्यांचा हात माझ्या खांद्यावरून बटणाकडे आला. काचेपलीकडून बाईंनी ते बघितलं. माइकमध्येच म्हणाल्या, "साहेब, हात धुतलेत का?"

साहेबांचा हात हवेत राहिला. त्यांनी तो वळवून बघितला. देवाशपथ सांगते, तळहात बघितला. तोवर सात सेकंद होऊन गेले होते.

बारा फोन आले. दहा जणांनी सांगितलं, आमची आजी असंच म्हणायची. एक गृहस्थ निराश झाले, "एवढंच होतं होय?" असं तीनदा विचारून त्यांनी फोन ठेवला. एक तक्रार आली, लेखी पाठवतो म्हणाले. एक म्हणजे एकच, पण साहेब शब्दाचे पक्के आहेत. माझं कायम होणं तीन महिने पुढे गेलं. विसरा म्हणाले होते, त्या मानाने स्वस्तात सुटले. जाताना त्यांनी आयाबाईंना स्वतः जिन्यापर्यंत सोडलं. भिंतीवरचा तो कागद मात्र अजून तसाच आहे.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. पाच वाजता आई खाली गेल्या, आणि बाकावर प्रत्येकीने आपापल्या सासूची एकेक शिवी सांगितली, दिवेलागण झाली तरी कोणी उठेना. आज सकाळी इस्पितळातून माणूस आला होता, २८ तारखेचं पुन्हा विचारायला. बाईंनी त्याला दहा मिनिटं दारात उभं ठेवलं आणि मग हो म्हणाल्या. त्यांनी फीत कापायला मलाही बोलावलंय.

मामा, मामीने सगळं सांगितलं का?

तुमची,
गाळणी


२६ मार्च

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामीने तुला पत्र लिहिलं होतं, हे मला कळलंय. भाजी आणायला गेली आणि पिशवी रिकामी घेऊन आली, तेव्हाच शंका आली होती. चोरी तिला जमत नाही.

तेव्हा आता मीच लिहितो. मला ऐकू येत नाही. हे वाक्य पहिल्यांदाच लिहिलं. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. तुझ्यापासून लपवलं, कारण आपल्या घरात या धंद्यातलं माझ्यामागे तू एकटी आणि तू मला कानांवरून ओळखायचीस. ते गेले तर मामा म्हणून काय उरतो, असं वाटायचं. खुळेपणा होता. तुला दोन दिवस फणफणायला लावलं, त्याबद्दल माफ कर. तू मला सल्ला बरोबर होता असं लिहिलंस. तो सल्ला नव्हता पोरी, ती अडचण होती. पण लागू पडला याचा आनंद आहे.

बोट कुठे ठेवलं असतंस, असं विचारलं होतंस. बटणावर. मी नक्की दाबलं असतं. तू हातांवर बसलीस हे वाचून मी ते पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज किती मोठा झाला ते मला कळत नाही, पण शेजारचे खिडकीत आले होते.

आता गुरुवारचं. मामी समोर बसून सांगत होती. वॉर्ड, बाळाचं डोकं, धावत आलेला डॉक्टर, सगळं ओठांवरून नीट कळत होतं. मग तिचे ओठ मिटले. मी विचारलं, "पुढे?" ती पदराशी चाळा करायला लागली. मी पाटी पुढे केली, तिने ढकलली. म्हणाली, लिहायचं नाही, लिहिलेलं पुसलं तरी राहतं. नवऱ्याच्या बाबतीत असं अभद्र तोंडातून काढायचं नाही, हे तिच्या आईने तिला सांगितलेलं. बेचाळीस वर्षांत तिने मला "मेल्या" म्हटलेलं नाही. मनात म्हटलं असेल, तो भाग वेगळा.

मी म्हटलं, "राहू दे. मला नाही कळलं तरी चालेल."

ती उठली. मला वाटलं, आत चालली. ती खुर्चीच्या मागून आली, माझ्या उजव्या कानाशी वाकली, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि होत्या नव्हत्या त्या जोराने ओरडली, "मुडदा बशिवला तुझा."

सात महिन्यांत मला तिचा आवाज ऐकू आला नव्हता. तो कसा होता ते हळूहळू विसरत चाललोय, हे मी तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. तोच आवाज होता. जरा घोगरा, शेवटी थोडा वर जाणारा. फार लांबून आल्यासारखा, पण तिचाच.

मला रडू आलं. तिला वाटलं, शब्द लागला. ती घाबरून पुढे आली, माझे हात धरले, ओठांनी सावकाश म्हणाली, "मी मनापासून नाही म्हटलं हो." मी म्हटलं, "तुझा आवाज ऐकू आला." तर तीही रडायला लागली.

पुढच्या सोमवारी यंत्र बसवायला जातोय. डॉक्टर म्हणतात, पूर्वीसारखं नाही येणार, पण जवळचं माणूस ऐकू येईल. पुढच्या आठवड्यात फोन कर. उचलेन.

पण त्या दिवशी यंत्र नव्हतं. मी डोळे पुसले आणि तिला म्हटलं, "पुन्हा म्हण."

ती म्हणाली, "अहो, सगळी गल्ली दारात आलीय."

मी म्हटलं, "येऊ दे."

तिने दाराकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि पुन्हा म्हणाली.

तुझा,
मामा